दुसऱ्याच्या बांधावरून

धर्मादादा, वाद घालायला तुम्ही नाहीत याची मला अजून सवय झालेली नाही. परवा घणसोलीच्या खाडीकाठी तुमचा दहावा आटोपून कंपनीच्या बसने ठाण्याला परतत होते. मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते आणि कळवा येईपर्यंत नेहमीप्रमाणे हरलेही होते.

तुमचे वय, तुमचे शिक्षण, तुमच्या मागे कोण कोण आहे, हे मी येथे लिहिणार नाही. जन्मतारीख तर तुम्हालाही ठाऊक नव्हती. कारखान्यात भरती होताना कारकुनाने तुमच्या चेहऱ्याकडे पाहून ती ठरवली, आणि तुम्ही त्याला सांगितलेत, "भाऊ, जरा उशिरा जलमव मना, म्हंजे नोकरी लांबंल." हा किस्सा तुम्ही इतक्यांदा सांगितलात की तो कारकूनच शेवटी हात जोडू लागला.

तुम्ही प्रथम प्रयोगशाळेत आलात ती जेवणाची सुट्टी होती. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच लागले होते. पांढरा कोट घालून एकटीच डबा खात होते. तुम्ही पंपावरचे कामगार, आणि त्याच महिन्यात कामगारांनी तुम्हाला आपला प्रतिनिधी निवडले होते. दारात उभे राहून तुम्ही विचारलेत, "बाय, आत येऊ का? घान लागंल तुझ्या लादीला." मग खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा उलगडलेला पुठ्ठा काढलात. मॅनेजर मॅथ्यूज साहेबांच्या बैठकीत ऐकलेले इंग्रजी वाक्प्रचार तुम्ही त्यावर देवनागरीत उतरवले होते. 'मीट हाफवे', 'ऑलिव्ह ब्रँच', 'सेम बोट', 'बरी द हॅचेट'.

"आफिसातल्यांना इचारलं त हसतात," तुम्ही म्हणालात. "तू शिकलेली हायस, पन अजून हसायला लागली नायस."

मी तुम्हाला पद्धतशीर उत्तर दिले. एका वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात वाक्प्रचार, दुसऱ्यात शब्दशः अर्थ, तिसऱ्यात वापर. 'मीट हाफवे' म्हणजे दोघांनी अर्ध्या वाटेवर येऊन भेटणे. 'ऑलिव्ह ब्रँच' म्हणजे जैतुनाची फांदी पुढे करणे, समेटाची तयारी दाखवणे. 'बरी द हॅचेट' म्हणजे कुऱ्हाड पुरून टाकणे, वैर संपवणे. तुम्ही मान डोलावत ऐकत होतात. मग 'सेम बोट'वर बोट ठेवलेत.

"याचा वापर काय लिवलास?"

"सगळे एकाच संकटात आहेत, तेव्हा एकत्र राहावे, असे सांगण्यासाठी."

"सायब दर मीटिंगला बोलतो, आपन सगले एका बोटीत. बाय, बोटीत एक मानूस सुकानावर बसतो न एक तलाला बसून पानी उपसतो. ज्याचं बूड भिजतंय त्याला इचार, पानी किती शिरलंय."

मग तुम्ही चौथा रकाना आखायला सांगितलात. त्याला नाव काय द्यायचे, असे मी विचारले. तुम्ही म्हणालात, "यात कोन हालतंय?"

मी हसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. पण त्या दिवसापासून आपण प्रत्येक वाक्प्रचार त्या प्रश्नाने तपासत गेलो. 'मीट हाफवे'मध्ये दोघे हलतात, मात्र अर्धे अंतर कोठून मोजायचे हे आधी ठरावे लागते. 'माय हँड्स आर टाइड', म्हणजे माझे हात बांधलेले आहेत, यात बोलणारा हलत नाही आणि बांधले कोणी तेही सांगत नाही. 'सिट ऑन द फेन्स', कुंपणावर बसून राहणे, यात कोणीच हलत नाही. त्यावर तुम्ही माझ्या उंच स्टुलाकडे पाहून म्हणालात, "ही प्रयोगशाळा म्हंजे तसंच कुंपन हाय ना गं?" मी चिडले. विज्ञान कोणाची बाजू घेत नाही, असे दहा मिनिटे समजावून सांगितले. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलेत आणि म्हणालात, "नको घेऊ बाजू. पन खाली उतर कदी कदी."

कित्येक महिने माझी समजूत अशी होती की मी तुम्हाला इंग्रजी शिकवते आहे. मोजमाप हा माझा विषय. तुमच्या बाबतीत मात्र मोजण्याची दिशाच चुकली होती.

'पुट युवरसेल्फ इन हिज शूज' हा वाक्प्रचार आला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. दुसऱ्याच्या बुटात पाय घालून पाहा, म्हणजे त्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहा, असे मी सांगितले. तुम्ही मनापासून हसलात. "दुसऱ्याचा बूट घातला त चावतो. मानूस आपलाच पाय बगत बसंल, दुसऱ्याचं काय बगंल?" मग तुमच्या वडिलांच्या वेळची मिठागरातली रीत सांगितलीत. दोघा आगऱ्यांत पाण्यावरून तंटा झाला, एकाने खाडीचे पाणी आधी घेतले आणि दुसऱ्याचा वाफा कोरडा राहिला, तर तक्रार करणाऱ्याने स्वतःच्या बांधावरून बोलायचे नाही. त्याने समोरच्याच्या बांधावर जाऊन उभे राहायचे आणि आधी समोरच्याची अडचण बोलून दाखवायची. अनवाणी, त्याच्याच चिखलात. समोरचा "हां, माजं बोललास" म्हणेल तेव्हाच स्वतःची तक्रार मांडायची.

"आणि त्याने 'हां' म्हटलेच नाही तर?" मी विचारले.

"त परत बोलायचं. मीठ तापतंय, ऊन डोक्यावर, पाय भाजतात. लबारी करायला टाइम कोनाला हाय?"

ही रीत मी चौथ्या रकान्यात लिहिली. एका वाक्प्रचारासाठी अर्धे पान गेले.

मग ती सात माणसांची गोष्ट घडली.

भरणीच्या शेडमध्ये ट्रेवरची सुकलेली पूड खरवडून पिंपात भरण्याचे काम चाले. त्या पुडीतून क्लोरीन वायू सुटे. माणसांचे डोळे जळत, खोकल्याची उबळ थांबत नसे. एके दिवशी हिराजी आणि त्याचे सहा सोबती शेडमध्ये जायला नाही म्हणाले. साहेबांनी सातांनाही कामावरून थांबवले आणि प्रयोगशाळेकडे हवेचा अहवाल मागितला. तो अहवाल मी केला. तीन वेगवेगळ्या वेळी शेडमध्ये गेले, पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चच्या द्रावणातून हवा ओढली, रंग तपासला. क्लोरीन असला की द्रावण निळे होते. माझी द्रावणे जेमतेम निळसर झाली. 'प्रमाण मर्यादेत आहे,' असे मी लिहिले आणि खाली वळणदार सही केली. वरिष्ठ रसायनशास्त्रज्ञाची जागा त्याच सुमारास रिकामी होती, हेही येथे लिहायला हवे.

या अहवालावर सात माणसांची नोकरी उभी होती. हवा ठीक असेल तर त्यांचा नकार म्हणजे बेशिस्त, आणि बेशिस्तीला घरचा रस्ता. त्यांतल्या पाचांची भातखाचरे याच कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेली होती. घरी परतून करण्यासारखे त्यांच्याकडे काही उरले नव्हते.

बैठकीला आपण चौघे होतो. मॅथ्यूज साहेब, तुम्ही, सातांच्या वतीने हिराजी आणि अहवाल वाचून दाखवायला मी. मी वाचला. साहेब म्हणाले, त्यांचे हात बांधलेले आहेत. मला वाटले, तुम्ही आता अहवालावर तुटून पडाल. मी उत्तरे तयार ठेवली होती.

तुम्ही उठलात, टेबलाला वळसा घालून साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "सायब, आदी तुमचं बोलतो." मग मोडक्या हिंदीत, मध्ये मध्ये आपल्या वहीतले इंग्रजी वाक्प्रचार पेरत, तुम्ही साहेबांची बाजू मांडलीत. माल गोदीवर वेळेत पोचला नाही तर बोट निघून जाते. वर मुंबईच्या ऑफिसला उत्तर साहेबांनाच द्यावे लागते. आज सातांचे ऐकले तर उद्या सत्तर जण बसतील ही भीती त्यांना आहे, आणि ती खोटी नाही. 'यू हॅव टू ड्रॉ द लाइन', कोठे तरी रेघ ओढावीच लागते. साहेबांचा चेहरा मी पाहत होते. या कारखान्यात त्यांची अडचण इतक्या नेमकेपणाने कोणी मांडली नसेल, त्यांच्या स्वतःच्या ऑफिसातही नाही. माझ्या विद्यापीठातल्या कोणत्याही प्राध्यापकाने मला इतके थक्क केले नव्हते.

"इज इट राइट, सायब?" तुम्ही विचारलेत.

"पर्फेक्टली राइट," साहेब म्हणाले.

"अब आप हमारा बोलो."

साहेब प्रामाणिक गृहस्थ होते. ते बोलू लागले. माणसांना त्रास होतो आहे, हे त्यांना समजते, 'दे आर फीलिंग द पिंच'. तुम्ही हात वर केलात. "फ्रेज नको, सायब. एक आदमी बोलो. ये हिराजी. सुबह शेडमें गया. किधर है, हाथ में क्या है?"

साहेबांनी हिराजीकडे पाहिले. मग म्हणाले, तो ट्रेपाशी उभा आहे, हातात खरवडणी आहे.

"नाय सायब," हिराजी प्रथमच बोलला. "उबा नाय. बसलेला. ट्रे जमिनीवर असतात."

त्या खोलीत तो एक साधा खुलासा होता. माझ्यासाठी मात्र तो साधा नव्हता. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीच पट जड असतो, हे मला मॅट्रिकपासून पाठ आहे. तो तळाशी साचतो. आणि मी नमुने घ्यायला गेले तेव्हा फोरमनने माझ्यासाठी शेड रिकामी करून दिली होती. तेथे कोणी बसलेले नव्हते. पांढरा कोट सावरत, साडीचा काठ पुडीला लागू नये म्हणून जपत, मी माझ्या नाकाच्या उंचीवरची हवा मोजली होती. ज्या हवेत हिराजी श्वास घेत होता ती माझ्या गुडघ्याखाली होती.

आता तुम्हाला कधीही न सांगितलेली गोष्ट. मी लगेच बोलले नाही. मी हिशेबी पोरगी. गप्प राहिले तर हे कोणाच्याही लक्षात येणार नाही, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होते. माझी सही, मला मिळू शकणारी ती वरिष्ठाची जागा, सगळे शाबूत राहिले असते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "सायब, च्या मागवा ना. घसा सुकला." चहा आला. तुम्ही बशीत ओतून, फुंकर घालून, अगदी सावकाश प्यायलात. दुसरा कप मागितलात. मी मनात म्हटले, या माणसाला सात घरांची काळजी आहे की चहाची?

दुसरा कप संपता संपता मी उभी राहिले आणि म्हणाले, "मला अर्धा तास द्या. नमुने पुन्हा घ्यायचे आहेत."

शेडमध्ये जाऊन मी ट्रेपाशी उकिडवी बसले. हिराजीने जागा दाखवली. डोळ्यांत इतके पाणी आले की नळी धरवेना. मोजायची गरजही नव्हती, तरी मोजले. द्रावण बघता बघता शाईसारखे झाले. ती बाटली मी तशीच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली.

सातही जण कामावर परतले. शेडच्या भिंतीला जमिनीलगत भोके पाडून हवा बाहेर ओढणारे पंखे बसले आणि ट्रे कमरेइतक्या उंच लाकडी घोड्यांवर चढले. येथवर सगळे ठीक. आपले भांडण पुढे आहे.

समझोत्याच्या कागदावर साहेबांना 'सेव्ह फेस' होईल असे काही हवे होते, म्हणजे कोणाची मानहानी न होता गोष्ट मिटावी. कागदावर उतरले ते असे, की पहिल्या तपासणीनंतर शेडमधली परिस्थिती बदलली, म्हणून नवी व्यवस्था केली. हे असत्य होते. परिस्थिती तसूभरही बदललेली नव्हती. बदलली होती ती माझी उंची. आणि हे वाक्य साहेबांना सुचवले कोणी, तर तुम्ही!

बसच्या थांब्यावर मी तुम्हाला गाठले. "चूक माझी आहे. माझा अहवाल चुकीचा आहे, असे लिहा. विज्ञानात असे झाकून ठेवत नाहीत."

"मना भिंतीला भोक पायजे व्हतं, ते मिलालं. कागदावर कोनाची लाज कशाला?"

"दादा, तो अहवाल फाइलमध्ये राहील. उद्या दुसऱ्या कारखान्यात कोणी तो पाहील आणि उभ्यानेच मोजील."

"न तुजी खुर्ची? बाय, तू वर जायला पायजेस. तू वर जेलीस त पुढचा कागद तूच लिवशील. आज पडलीस त पुढचा कागद कोन लिवंल?"

"खोट्यावर चढलेली खुर्ची मला नको."

"मना हवी," तुम्ही म्हणालात. "तू बसलेली."

बस आली. मी रागाने चढले. पुढे ती जागा मला मिळाली. तुम्ही सातांच्या घरचे पेढे घेऊन प्रयोगशाळेत आलात आणि मी एक पेढा खाऊन पुन्हा तेच भांडण काढले. मग ते वर्षानुवर्षे चालले. तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत, एकदाही माघार घेतली नाहीत. 'डिग वन्स हील्स इन', टाचा रोवून उभे राहणे, हा वाक्प्रचार शिकवल्याचा मला तुमच्यामुळे पुष्कळदा पश्चात्ताप झाला. गेल्या महिन्यात तुम्ही आजारी असल्याचे कळले तेव्हाही मी पुढच्या आठवड्याच्या भांडणाचा मुद्दा जुळवत होते. भेटायला यायचे राहिले. मुद्दा तयार झाला नव्हता म्हणून राहिले, धर्मादादा, आणि हे कोणाला सांगण्यासारखे नाही.

परवा खाडीवर हिराजी भेटला. केस पांढरे झाले आहेत, खोकला नाही. मी त्याला सहज म्हटले, त्या दिवशी तू 'बसलेला' म्हणाला नसतास तर मला कळलेच नसते.

तो म्हणाला, "मना दादानीच सांगितलं व्हतं बोलायला. त्याला ठाव व्हतं ना. तू शेडमदी उबी राहून मोजलंस ते त्यानी पंपावरून बगितलं. आमी बोललो, दादा, सरल सांग ना सायबाला, बाय चुकली. त बोलला, मी बोललो त ती फिर्याद. ती बोलली त ती तपासनी."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"इचारलं ना आमी. त बोलला, च्या पिऊन होईस्तोवर थांबू. मंग मी बोलेन."

मला तेथे बसायला जागा नव्हती. चिखलातच बसले.

म्हणजे तुम्ही सगळे पाहिले होतेत. माझी चूकही, आणि त्यानंतरचे माझे गप्प बसणेही. सात घरांचा प्रश्न हातात असताना तुम्ही दोन कप चहाएवढा वेळ मला दिलात, कारण मी कोण होणार हेही त्याच टेबलावर ठरत होते. दुसरा कप तुम्हाला नको असणार. इतकी वर्षे मी सत्य आणि तडजोड यांवर तुमच्याशी वाद घातला आणि प्रत्येक वेळी सत्याची बाजू माझी समजले. त्या गप्प बसण्याबद्दल तुम्ही एका शब्दाने मला टोचले असतेत तर वाद तिथेच संपला असता. तुम्ही हरण्याच्या बेतात असतानाही तो शब्द काढला नाहीत. माझ्या ज्ञात विश्वात याला मोजण्याचे एकक नाही.

तुमचे म्हणणे मला आता पुरते कळले आहे. माणूस पडू न देता चूक दुरुस्त करायची, आणि ज्याला वर न्यायचे त्याला वर जाऊ द्यायचे. पटलेही आहे. तरीही उद्या सकाळी मी तुमच्याविरुद्ध वागणार आहे. मॅथ्यूज साहेब केव्हाच आपल्या गावी, केरळला, गेले. पंखे भिंतीत पक्के बसले आहेत. कोणाची नोकरी आता त्या कागदावर उभी नाही, एक माझी सोडली तर. तुम्ही ज्या खुर्चीत मला बसवलेत तीत बसूनच मी त्या जुन्या अहवालाला पुरवणी जोडणार आहे. इंग्रजीत लिहायची आहे. एकही वाक्प्रचार वापरणार नाही. पहिले वाक्य तयार आहे: नमुने घेणारी उभी होती, काम करणारे बसलेले होते.

पुरवणीच्या खाली माझे पूर्ण नाव असेल.